बारा माणसं, सहा दिवस आणि एक मऊ चकली

ताई,

दिवाळी तोंडावर आली की लोकांना आनंद होतो, मला ॲसिडिटी होते. मी ४६ वर्षांची. पुण्यात कर्वेनगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी यजमान, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. यजमान मूळचे वाईचे. २०१९ साली तिथला वाडा बिल्डरला दिला. धाकटे दीर-जाऊ वाईतच वन बीएचकेत राहतात, सासूबाई त्यांच्याकडे असतात. त्या ७६ वर्षांच्या आहेत.

वाडा गेल्यापासून दिवाळी आमच्याकडे. धनत्रयोदशीला वाईहून सासूबाई, दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा येतो. बंगळुरूहून मोठ्या नणंदबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुलं येतात. भाऊबीज झाली की सगळे जातात. बारा माणसं, सहा दिवस. फराळ मी ऑफिसातून आल्यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत करते. गेल्या वर्षी पाचही जिन्नस घरी केले. पहिल्याच दिवशी बशी पुढं ठेवली तर जाऊ म्हणाली, "ताई, चकल्या जरा मऊ पडल्यात ना?" मी हसले, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

यंदा मी यजमानांना म्हटलं, आपण चौघंच दापोलीला रिसॉर्टवर जाऊ. ते म्हणाले, "आईला काय सांगू?" त्यानंतर चार दिवस बोलले नाहीत. मैत्रीण म्हणते, सरळ नाही म्हणून टाक. माझी आई म्हणते, वर्षातून एकदाच येतात, निभावून ने. मी वाईट आहे का हो? माणसं मला आवडतात. मुलं तर वर्षभर वाट बघतात. (भाऊबीजेला माझा भाऊ चिंचवडहून रात्री साडेआठला येतो, ओवाळून घेतो आणि उभ्या उभ्याच जातो. बसायला जागाच नसते.)

— दमलेली सून, पुणे

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी चकलीपाशी अडकले, दुसऱ्या वेळी शेवटच्या कंसापाशी. चकलीचं मी अगदी शेवटी सांगते, ते सोपं आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुम्ही वाईट नाही. वाईट बाई आधी बुकिंग करते आणि मग सांगते. तुम्ही विचारलंत, आणि वर चार दिवसांचा अबोला पदरात पाडून घेतलात. पण दापोली मला पटलेली नाही, हेही सांगून टाकते. तुम्हाला समुद्र बघायचा नाहीये, तुम्हाला झोपायचंय. आणि तिथं पोचल्यावर पहिल्याच रात्री तुमचा मुलगा विचारणार, आत्याकडची कधी येणार? मग तुम्ही खिडकीतून समुद्राकडे बघत अपराधी वाटून घेणार. त्यापेक्षा हे पैसे मे महिन्यासाठी राखून ठेवा.

मैत्रिणीचं आणि आईचं म्हणणंही बाजूला ठेवू. "सरळ नाही म्हण" हा सल्ला देणाऱ्याला पुढचा फोन घ्यावा लागत नाही. आणि "निभावून ने" म्हणणाऱ्या आईनं स्वतः काय निभावलं ते तिला एकदा निवांत विचारा. मी माझ्या सासूबाईंना विचारलं होतं. आमचं सासर गिरगावातल्या चाळीतलं. दोन खोल्या आणि दिवाळीत चौदा माणसं. माझे दीर, नणंदा, यजमान त्या दिवाळ्यांबद्दल इतकं बोलायचे, की लग्नानंतर पहिली काही वर्षं मला आपण फार मोठं काहीतरी चुकवलं असं वाटायचं. गॅलरीतला कंदील, पहाटेची अंघोळीची पळापळ, ओळीनं घातलेल्या गाद्या. सासूबाई थकल्यावर एकदा मी त्यांच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा विचारलं, "आई, तुम्हाला कुठली दिवाळी आठवते?" बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "स्टोव्हची पिन आठवते गं. ऐन तळणात स्टोव्ह भकभकायचा आणि पिन सापडायची नाही." मी म्हटलं, आणि गाणी, गप्पा, पत्ते? "ते बाहेरच्या खोलीत."

तेव्हापासून कुणी चाळीतल्या दिवाळीचं कौतुक सुरू केलं की मी विचारते, तेव्हा आत कोण होतं?

तुमच्याही घरी कुणाच्या तरी मनात तो वाडा अजून उभा आहे, असं मला वाटतं. नाहीतर ऑफिस सांभाळून पाच जिन्नस घरी करण्याचा हट्ट आला कुठून? मी असे वाडे पाहिलेत. तिथं माणसं मावायची ती खोल्या होत्या म्हणून, हे खरंच. पण कामंही मावायची. परसात तांब्याचा बंब पहाटे तीनला पेटायचा आणि कुणीतरी एक जण वरून गार पाणी ओतत, खालून गरम काढत तिथंच बसलेला असायचा. चकलीचा सोऱ्या शेजारून यायचा, आणि सोऱ्याबरोबर शेजारीणही. फ्लॅटमध्ये माणसं तेवढीच आली. हात दोनच उरले.

आता जाऊबाईंकडे वळू. तुम्ही पत्रात एक वाक्य घाईत लिहून पुढं गेलात: "सासूबाई त्यांच्याकडे असतात." वन बीएचकेत. बारा महिने. सात वर्षं. ७६ वर्षांच्या बाईचं म्हणजे गोळ्यांच्या वेळा, डॉक्टर, पथ्य, रात्री दिवा लावून बाथरूमपर्यंत सोबत, आणि टीव्हीवर काय लावायचं इथपासून सगळं. तुमची जाऊ कधी रडत असेल तर तिच्याकडे बाथरूम एकच आहे, आणि बाहेर कुणीतरी थांबलेलं असणार. तुमचे सहा दिवस मोजाल तेव्हा तिचे उरलेले ३५९ पण मोजा.

ती तुमच्याकडे येते ती पाहुणी व्हायला. वर्षात तिला तेवढी एकच जागा आहे जिथं कुणीतरी तिच्यापुढं बशी ठेवतं. म्हणून ती स्वयंपाकघरात येत नसावी. तुम्हाला वाटत असेल, ऐतखाऊ आहे. चकलीवरचं बोलणं मात्र टीकाच होती, ते मी सारवणार नाही. पाच जिन्नस घरी करणाऱ्या मोठ्या जावेपुढं तिला वर्षानुवर्षं थोडं खाली बघितल्यासारखं होत असेल, आणि एक मऊ चकली हाताला लागल्यावर जरा बरं वाटलं असेल. जावा जावा, उभा दावा म्हणतात. इथं मात्र मला दावा दिसत नाही, दोन दमलेल्या बाया दिसतात. एक वाईत दमते, एक पुण्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की दिवाळीत घरातल्या प्रत्येक बाईला एक दिवस तरी कुणाकडे पाहुणी होता आलं पाहिजे. तुमच्या घरी पाहुणी जाऊ होते, नणंद होते, सासूबाईही होतात. तुमच्या दिवाळीत तुमच्याखेरीज अकरा माणसं आहेत. तुमच्या माहेरचं जे एक आहे, ते कंसात आहे. आणि उभं आहे.

त्या कंसावर मी थांबले ती म्हणून. ओवाळून घेणाऱ्याला पाटावर बसवायचं, पुढं रांगोळी, मग अक्षता, सुपारी, दिवा. तुम्ही सख्ख्या भावाला सात वर्षं दारातल्या चपलांच्या ढिगापाशी ओवाळताय. कर्वेनगर ते चिंचवड वीसेक किलोमीटर. नणंदबाई आपल्या भावांसाठी आठशेहून जास्त किलोमीटर येतात, आणि त्या येतात म्हणून तुम्ही वीस जाऊ शकत नाही. त्यांची काही चूक नाही यात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसणार.

तर यंदाचं कॅलेंडर काढा. अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळं दिवाळी नोव्हेंबरात आहे. धनत्रयोदशी शुक्रवारी ६ तारखेला. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी, ८ ला. सोमवार ९ मोकळा. पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज बुधवारी ११ ला.

सगळ्यांना शनिवारी, ७ तारखेला दुपारी जेवायच्या वेळेला बोलवा आणि बुधवारी ११ ला दुपारी निरोप द्या. चार रात्री. धनत्रयोदशीचा दिवा तुम्ही चौघं लावा, आणि त्या रात्री दहाला झोपा. माणसांना "कधी येताय" आपण मोकळेपणानं विचारतो, "कधी जाताय" मात्र तोंडातून निघत नाही, फार वाईट दिसेल असं वाटतं. पण बोलावतानाच दोन्ही टोकं सांगितली तर ते आमंत्रणासारखंच ऐकू येतं. जाण्याचं चौथ्या दिवशी विचारलं, तरच ते हाकलल्यासारखं वाटतं.

बुधवारी सकाळी नणंदबाई दोन्ही भावांना ओवाळतील. अकरापर्यंत ते होतं. दुपारचं जेवण बाहेरून मागवा. त्या दिवशी श्रीखंड-पुरी कुणी लाटली हे कुणी विचारत नाही. एकच्या सुमाराला तुम्ही पिशवी उचलायची आणि चिंचवडला जायचं. रात्री तिथंच राहायचं. मुलं यायची म्हणाली तर येतील. भांडी, गाद्या, चादरी, निरोप, रिक्षा हे सगळं यजमानांकडे.

आणि जाऊचा भाऊ? तो कुठं असतो, तुम्हाला माहीत आहे का? पत्रात नाही, म्हणून विचारते. ती सहा दिवस तुमच्याकडे, म्हणजे तिच्याही भाऊबीजेचं असंच काहीतरी होत असणार. बुधवारी दुपारी ती वाईला न जाता थेट भावाकडे गेली तर?

इथं तुम्ही म्हणाल, मग सासूबाईंचं काय. त्या पुण्यातच राहतील. तुळशीच्या लग्नापर्यंत. कार्तिकी एकादशीनंतर ते लागतं, म्हणजे भाऊबीजेनंतर दहा-बारा दिवस. जावेला सात वर्षांत पहिल्यांदा दहा दिवस घर एकटीचं मिळेल, आणि तुमच्याकडची गर्दी दोन दिवसांनी कमी होईल. मला हा व्यवहार चोख वाटतो.

तुम्ही कपाळाला हात लावलेला मला इथून दिसतोय. काम कमी व्हावं म्हणून पत्र लिहिलं, बाईंनी वाढवून दिलं. पण बारा माणसांचं काम आणि एका माणसाचं काम यात फार फरक असतो. आणि त्या एका माणसाचं काम तिच्या मुलाचं आहे. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळचा फेरफटका, डॉक्टरकडे न्यायचं असेल तर ते, सगळं त्यांनी करायचं. दिवसा तुम्ही दोघंही ऑफिसला असाल तेव्हा सोबतीला कुणी लागेल का, हे तेच ठरवतील आणि तेच बघतील. त्यांच्या "आईला काय सांगू?" याचं उत्तरही यात आहे. दापोली म्हटल्यावर त्या गृहस्थांना दिवाळी रद्द झाल्यासारखं ऐकू आलं, म्हणून ते गप्प झाले. आता आईला फोन करून "या वेळी दिवाळीनंतर दहा दिवस माझ्याकडे राहा" असं सांगायला कुठल्याही मुलाची जीभ अडखळणार नाही.

त्यांना आणखी एक सांगा, हे फार महत्त्वाचं आहे. सोमवारी ९ तारखेला सरकारी सुट्टी नाही. ती रजा आजच टाकायची, आणि ती त्यांनी टाकायची. नाहीतर होतं काय, ते सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातात, दीर आणि नणंदेचे यजमान लॅपटॉप उघडून बसतात, आणि घरात अकरा माणसांचा नाश्ता, जेवण, चहा, परत चहा. सणाचा एकही विधी नसलेला हा दिवस बायकांना सगळ्यात महागात पडतो. त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांचा. मिसळ करू देत, पिठलं करू देत. कांदा जाड चिरला जाईल, ओट्यावर बेसन सांडेल. तुम्ही तिकडे जायचं नाही. तुम्हाला सांडलेलं बेसन बघवत नाही, हे मला पत्रावरून कळलंय.

फराळाचं. चिवडा, शेव, शंकरपाळे, लाडू सरळ विकत आणा. पुण्यात बचत गटांच्या बाया दिवाळीत उत्तम फराळ करून देतात, ऑर्डर फक्त वेळेत द्यावी लागते. दुकानाच्या पुड्यातून काढून स्टीलच्या डब्यात भरायचं नाटक करू नका; विचारलं तर विकतचं आहे म्हणून सांगा. एकच गोष्ट घरी करा, करंजी, आणि तीही एकटीनं आधी करून ठेवू नका. शनिवारी दुपारी जेवणं झाली की करायची.

करंजीच का, तर ती एकटीनं करायची गोष्टच नाही. एकीनं पारी लाटायची, दुसरीनं सारण भरून कडेला दुधाचं बोट फिरवायचं, तिसरीनं कातणानं कापायची, चौथीनं तळायची. एकटी करायला बसलं की पहिली करंजी तळायला जाईपर्यंत बाकीच्या सुकतात, मग ओला पंचा घाला, मग त्या चिकटतात, मग तेलात उकलतात आणि सारण बाहेर येऊन तेल काळं होतं. तुम्ही हे रात्री एक वाजता केलंय, त्यामुळं मी जास्त सांगत नाही. चार बाया बसल्या की तासा-दीड तासात पन्नास-साठ करंज्या होतात, आणि बोलायचं ते बोलूनही होतं. कातण मोठ्या भाच्याच्या हातात द्या. कापायला मुलांना आवडतं, आणि वाकडी कापली तरी तळल्यावर फारसं कळत नाही.

सासूबाईंना खुर्चीवर बसवून पाच-सहा कानवल्यांना मुरड घालायला सांगा. मुरड घालायला बोटं लागतात, गुडघे लागत नाहीत. अंगठ्यानं काठ दाबत, दुमडत, परत दाबत पुढं जायचं. ती जुनी बोटं ते बघता बघता करतात. आपल्याकडे गौरींची पाठवणी करताना मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य दाखवतात, मुरडून परत यावं म्हणून. निघताना जावेच्या डब्यात त्यातले दोन घाला. काही बोलू नका, तिला कळेल.

अभ्यंगस्नानाचा तुम्ही धसका घेतलेला असणार. हिशेब करून बघितला. दोन बाथरूम, समजा पंधरा-पंधरा लिटरचे गीझर, एक अंघोळ झाली की पाणी परत तापायला पंधरा-वीस मिनिटं. बारा माणसांना दोन तास लागतात. आठ तारखेला पुण्यात सूर्य साडेसहानंतर उगवतो. साडेचारला पहिला माणूस आत गेला तर शेवटचा उजाडायला बाहेर येतो. पहिले कोण, तर पुरुष. त्यांना उठवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून तेच आधी. मुलं सगळ्यात शेवटी. तोवर हॉलमध्ये सासूबाई वाटीत कोमट तेल घेऊन बसतील आणि नातवंडं एकेक करून पुढ्यात येतील. उटणं रात्रीच दोन वाट्यांत काढून ठेवा. कारीट मिळालं तर दारात ठेवा, बंगळुरूच्या मुलांना डाव्या पायाच्या अंगठ्यानं ते फोडण्यात भयंकर मजा येईल. आदल्या दिवशी खाऊन बघू नका म्हणून मात्र बजावा, कडू जहर असतं.

मुलांना किल्ल्याला लावा. तुमचा सातवीतला गडी आणि सोसायटीतली पोरं एक तारखेलाच माती, विटा, जुनं पोतं घेऊन कोपरा धरू देत. हळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवं होतं, म्हणजे भावंडं येईपर्यंत टेकडी तयार. मावळे आणायला कसब्यातल्या कुंभारवाड्यात यजमानांनी न्यायचं. दहावीच्या मुलीला मात्र तिची खोली रात्री नऊपर्यंत तिची म्हणून ठेवा, आणि हे सगळ्यांसमोर सांगा. तिला स्वतःला सांगावं लागू नये. खर्चाचं मी बोलत नाही, तीन भावंडं नोकरी-धंद्याची आहेत. किराण्याचं बिल तिघांत वाटून घ्यायला यजमानांना काही वाटू नये.

आता हे सगळं बोलायचं कसं. कोजागिरीच्या आत, आणि फोनवर. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत तर तीन अंगठे आणि एक नमस्कार येईल, आणि सहा तारखेला सगळे दारात हजर. पहिला फोन जावेला. नवऱ्याच्याही आधी, कारण सासूबाईंना ठेवून घेण्याचं तिला दुसऱ्याकडून कळलं तर तिला वाटेल, आपण नीट बघत नाही म्हणून घेऊन चालल्या. म्हणा, "अगं, वर्षभर तू आईंचं करतेस. या वेळी दिवाळीनंतर त्या आमच्याकडे राहू देत, तुळशीच्या लग्नापर्यंत. तू भावाकडे जाऊन ये. तुला चालेल ना?" शेवटचा प्रश्न खरोखर विचारा आणि थांबा. कदाचित ती पटकन हो म्हणणार नाही. सात वर्षांत तिला असं कुणी विचारलं नसेल, तर पहिल्यांदा संशयच येतो. औषधांची यादी तिच्याकडूनच लिहून घ्या, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

नणंदबाईंना म्हणा, "वन्सं, तुम्ही एवढ्या लांबून भावांकडे येता, मला फार बरं वाटतं. माझा भाऊ चिंचवडला आहे. सात वर्षं त्याला मी दारात ओवाळतेय. या वेळी दुपारी जाऊ ना?" मला नाही वाटत एखादी बहीण यावर नाही म्हणेल. त्यांची बुधवारची विमानाची किंवा रात्रीच्या गाडीची तिकिटं असतील तर संध्याकाळपर्यंत राहू देत, घर त्यांच्या भावाचंच आहे. तुम्ही मात्र एकला निघायचं. त्या आहेत म्हणून थांबलात, की संपलं.

सासूबाईंना थोडं लागेल, हे गृहीत धरा. एवढ्या वर्षांची सवय. "आमच्या वेळी…" असं काहीतरी येईल. ऐकून घ्या. मग एखाद्या दुपारी त्या एकट्याच तुमच्याकडे असतील, तुळशीच्या लग्नाच्या आधी, तेव्हा त्यांना विचारा की वाड्यातल्या दिवाळीतलं त्यांना काय आठवतं. मलाही कळवा.

हे सगळं यंदा जमणार नाही. पुरुष सोमवारी मिसळ बाहेरून आणतील, कुणीतरी शुक्रवारीच येऊन थडकेल, जाऊ "बघू" म्हणेल. यातलं निम्मं झालं तरी पुष्कळ. बाकीचं पुढच्या वर्षी. चिंचवड तेवढं सोडू नका. भावाला आजच सांगा, दुपारी येतेय, राहायला येतेय, आणि ओवाळताना बसायचंय म्हणावं.

ता. क. चकलीचं. चार वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत तेलाचं मोहन पुरे. जास्त झालं तर चकली तेलात विरते, आणि पीठ सैल भिजलं किंवा आच मोठी ठेवली तर वरून लाल होते, आत मऊ राहते. तळताना बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तिला बाहेर काढायचं नाही, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. तुम्ही रात्री एकला तळून गरम गरम भरून झोपायला गेलात, दुसरं काही नाही. पण यंदा चकली विकतचीच आणा. मऊ निघाली तर जाऊबाई दुकानदाराला सांगतील.